अकरा सासवाइचा गूळ

मायी लहान बहीण पुष्पांजली लोकाइच्या डायऱ्या वाचते. हे काम आमच्या खामगावात दुसरं कोणीच करत नाई, मी चौकशी केली हाय. वकील हायत, इंजिनीअर हायत, प्लॉटवाले त गल्लोगल्ली हायत. पण डायऱ्या वाचून डॉक्टर होणारी पोट्टी सगळ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच, अन् ती माया पाठची हाय.

मी गोकुळ. नांदुरा रोडवर मायं मोटर वाइंडिंगचं दुकान हाय. विहिरीची, बोअरची, पिठाच्या गिरणीची, कोणतीबी जळेल मोटर आणा. मी बांधलेली मोटर परत जळत नाई. जळली त समजा लाइटीचा दोष हाय. मायं शिक्षण दहावीपर्यंत, तिथं इंग्रजीनं अडवलं. पण आमच्या घरात बुद्धी दोघाइले सारखीच आली, मले हातात आली अन् तिले डोक्यात. बाप गेल्यावर मी म्हणलं, पुष्पा, तू शिकत राह्य, थांबू नको. ती इतकी शिकली की आता थांब म्हणलं तरी थांबत नाई. समाजकार्याची मोठी डिग्री घेतली, वरून अमरावतीले पीएचडीले नाव लावलं.

आमच्या शेजारी वामनराव राह्यतात. तहसीलातून रिटायर झाले, पण अजून सगळ्या गोष्टीवर शेरा मारतात. एक दिवस मले म्हणे, "गोकुळ, दुसऱ्याची डायरी वाचणं बरं दिसत नाई. आमच्या काळात याच्यावरून भांडणं होत."

मी म्हणलं, "वामनराव, तुमी आयुष्यभर दुसऱ्याचे अर्ज वाचले. तिथं कोण भांडलं?"

"अर्ज वाचाले मले सरकारनं बसवलं होतं."

"हिले विद्यापीठानं बसवलं हाय."

ते गप झाले. विद्यापीठ म्हणलं की वामनराव गप होतात, हे मले तवापासून समजलं.

काम असं होतं. एक संस्था हाय, नाव सांगत नाई, तिच्या बाया घरोघरी जाऊन अंथरुणावर पडेल म्हाताऱ्या माणसाइची सेवा करतात. पोरं पुण्याले नाईतर सुरतेले. मागं बुढा नाईतर बुढी, उठता येत नाई, बसता येत नाई. ह्या बाया त्याइले आंघोळ घालतात, कूस बदलतात, पेज पाजतात, घाण काढतात. सोपं काम नाई, मले एक दिवस नाई होणार. त संस्थेनं प्रत्येक बाईले एक वही देल्ली अन् सांगतलं, हप्त्यातून एक पान लिहा. काय काम केलं ते लिहू नका, काम करताना मनात काय आलं ते लिहा. वहीचं नाव ठेवलं 'मनाची डायरी'.

पुष्पाच्या अभ्यासासाठी जानेफळच्या अकरा बायाइच्या डायऱ्या निवडल्या. पण बाईनं मोकळं लिहावं म्हणून नियम असा, की वह्या आधी संस्थेत जातीन, तिथं टाइप होतीन, नाव निघून नंबर लागीन, अन् मंग ते कागद पुष्पाकडे येतीन. एक नंबर, दोन नंबर, असे अकरा. कोणती बाई कोणती, हे पुष्पालेबी मालूम नाई. वाचून होईपर्यंत तिनं त्या बायाइले भेटाचंबी नाई, भेटलं की मत बनते म्हणे. सांगा आता, एवढी सोवळ्यातली गोष्ट, अन् वामनराव म्हणतात चोरून वाचते.

मंग ती काय करे, एकेक ओळ वाचे अन् प्रत्येक ओळीले एक छोटं नाव दे. 'राग'. 'लाज'. 'घरची आठवण'. त्याले कोड म्हणतात. सारखे कोड एकत्र केले की ढीग होतो, त्या ढिगाले थीम म्हणतात. मी म्हणलं, समजलं, तांब्याची तार जाडीनं वेगळी करतो तसं. ती म्हणे, तसं नाई दादा. मी म्हणलं, तसंच हाय. दुकानात मी सगळ्याइले तसंच सांगतो अन् सगळ्याइले समजते.

हे ढीग ती कंप्युटरवर करू शकली असती, पण तिची ती पद्धत नाई. ती ओळी कापून चिठ्ठ्या करे अन् आमच्या बैठकीत खाली फरशीवर मांडे. महिना मे. खामगावातला मे म्हणजे कुत्रंबी नालीतून उठत नाई. अन् आमच्या घरात कूलर बंद, पंखा बंद, कारण चिठ्ठ्या उडतीन. आई एका कोपऱ्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसे. आमाले घरात चालाचे रस्ते आखून देल्ले होते. 'थकवा'च्या बाजूनं जा, 'अभिमान'ले वळसा घाल, मंग सैपाकघर. मी बाहेरून आलो की पह्यले इचारे, "पुष्पा, आज दुःख कुठं मांडलं व? पाय पडीन."

एक दिवस वामनराव पेपर मागाले आले. दारातच म्हणे, "काय उकाडा लावला हा," अन् आमी तोंड उघडाच्या आत त्याइनं कूलरचं बटन दाबलं. माया हातानं बांधेल मोटर हाय ती, हवा कशी फेकते ते तुमाले पाहाले पायजे होतं. दुःख फ्रिजवर गेलं. लाज देवघरात गेली. एक चिठ्ठी वामनरावच्या बनियनीत सापडली, तिच्यावर लिहेल होतं, 'मले कोणी इचारत नाई.' वामनरावनं ती दोनदा वाचली, मंग म्हणे, "हे कोणाचं हाय?" पुष्पा म्हणे, "सात नंबरचं." ते म्हणे, "बरोबर लिहलं हाय," अन् खाली बसून चिठ्ठ्या येचाले लागले. त्या दिवसापासून डायऱ्या वाचणं वाईट असं ते नाई म्हणले.

आता खरी गोष्ट. त्या चिठ्ठ्याइत एक ढीग वाढतच चालला होता, अन् त्या ढिगानं पुष्पाची झोप गोड केली. तो ढीग होता गुळाचा.

नंबर चारनं लिहलं होतं, 'आज आजोबाइले गुळाचा शिरा चारला. पुण्याहून आलेल्या त्याइच्या सुनेनं मले कपाटाच्या चाव्या देल्ल्या. परक्या घरी मले चाव्या देतात, अन् माया घरी सासू गुळाचा डबा लपवते.' नंबर नऊनं लिहलं, 'आजी म्हणली, मले तुयासारखीच पोरगी पायजे होती. घरी आली त गुळाचा डबा पुन्हा दुसरीकडे.' नंबर दोन, नंबर सहा, नंबर अकरा, कोणाचंही पान घ्या. बुढ्याचं औषध, बुढीचं पोट, हे वेगळं वेगळं. पण शेवटाले फिरून गूळ. अकराच्या अकरा सासवा गूळ लपवून राह्यल्या होत्या.

पुष्पा म्हणे, "दादा, समजते का तुले? परके भरोसा ठेवतात अन् घरचे ठेवत नाईत. अकरा बाया एकमेकीले न इचारता हेच लिहतात. असं भेटत नसते."

मी म्हणलं, "भेटत नसते त तुलेच भेटलं. कोणाची बहीण हायस?"

आईले मात्र हे बिलकुल पटलं नाई. म्हणे, "सासवा गूळ लपवतात म्हणजे? मी कधी लपवला?" मी म्हणलं, आई, तुले अजून सून नाई. ती म्हणे, "आली तरी नाई लपवणार. लिही तुया वहीत, खामगावची एक सासू नाई लपवत." पुष्पानं तिले समजावून सांगतलं की असं आगाऊ लिहता येत नाई.

अमरावतीच्या सुहासिनी मॅडम तिच्या गाइड हायत. नावाजलेली बाई, तोलून बोलते. त्याइनं गुळाचं वाचलं अन् फोन केला. पुष्पानं फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मी ऐकलं. म्हणे, "पुष्पांजली, हा गूळ म्हणजे प्रतीक आहे. तुझा प्रबंध या एका डब्यावर उभा राहील." मले प्रतीक समजलं नाई, पण उभा राहील हे समजलं.

अन् उभा राहणं जरूरी होतं. विद्यापीठाची मुदत जूनमधी संपत होती. एकदा वाढवून भेटली होती. ह्या जूनमधी जमा नाई केलं त नाव कट, सगळ्या सालाची मेहनत गेली. पुष्पाच्या उशाशी कॅलेंडर टांगेल होतं, त्यावर तिनं जून महिन्याले लाल चौकट केली होती. ती काई बोलत नव्हती, पण जेवताना तिची नजर तिकडेच जाये.

म्हणून मॅडमचा फोन आला तवा मले जो आनंद झाला, तो घरात माईल असा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानात जो आला त्याले मी सांगतलं. नाव कोणाचं घेतलं नाई, नावं मलेबी मालूम नव्हती. एवढंच सांगतलं की माया बहिणीनं शास्त्रानं सिद्ध केलं हाय, जानेफळच्या सगळ्या सासवा गूळ लपवतात. लोक हसत, दोन गोष्टी जास्तीच्या सांगत, मोटर घेऊन जात.

त्यातच एक दिवस जानेफळचे पुंजाजी आले, विहिरीची मोटर घेऊन. साठीतला माणूस, कमी बोलणारा. मी तार काढता काढता त्याइलेबी गोष्ट सांगतली. ते हसले नाईत. म्हणे, "सगळ्या सासवा?"

"सगळ्या. अकराच्या अकरा."

"मंग सासरे काय करतात म्हणते तुई बहीण?"

मी म्हणलं, सासऱ्यावर काई लिहेल नाई. ते म्हणे, "बरं हाय," अन् चहा न पेताच गेले. मी म्हणलं माणूस तब्येतीनं बरा नसन.

जूनच्या पह्यल्या हप्त्यात शेवटचं एकच काम बाकी होतं. मॅडमचा नियम असा, की जे काढलं ते त्या बायाइलेच नेऊन वाचून दाखवाचं अन् इचाराचं, बाई, हे तुमच्या मनातलंच हाय न? त्याइनं हो म्हणलं की शिक्का बसला. मी दुकान बंद ठेवलं अन् पुष्पाले गाडीवर बसवून जानेफळले नेलं. मले वाटलं हे म्हणजे नुसतं नारळ फोडणं हाय.

समाजमंदिरात अकराही बाया आल्या होत्या. धुतलेले लुगडे, केसाले तेल, कोणाच्या मांडीवर लेकरू. आत बायाइचं काम म्हणून मी बाहेर पायरीवर बसलो, दार उघडंच होतं. पुष्पानं छान सुरुवात केली. म्हणे, ताईहो, तुमच्या लिहण्यातून मले असं दिसलं की तुमाले काम झाल्यावर लय थकवा येते. बाया म्हणे, हाव ताई, बरोबर. बुढ्याची घाण काढताना आधी लाज वाटे, मंग नाई वाटली. हाव ताई, बरोबर. पुष्पा कागदावरचं वाचे अन् बाया माना हालवत. मले वाटलं अर्ध्या घंट्यात परत निघतो.

मंग ती गुळावर आली. म्हणे, "तुमी सगळ्याइनं लिहलं हाय की परक्या घरी चाव्या देतात, पण घरी सासू गुळाचा डबा लपवते."

कोणीच हाव म्हणलं नाई.

अर्पिता नावाची एक बाई होती, तोंडाची मोकळी. ती म्हणे, "ताई, मायी सासू माया लग्नाच्या आधीच वारली. तिनं कुठून लपवावा?"

दुसरी म्हणे, "मायी त बिचारी सोतानं काढून देते." तिसरी म्हणे, आमच्या घरी गूळ येतच नाई, साखर येते. एकीनं सांगतलं की ती अन् तिचा नवरा दोघंच राह्यतात, सासू धाकट्याकडे हाय. असं करत करत सगळ्याइचं झालं अन् सगळ्या एकाच बाईकडे पाहाले लागल्या. ती खांबाले टेकून बसली होती, मान खाली, पदराचं टोक बोटाले गुंडाळून राह्यली होती. जयमाला तिचं नाव.

अर्पितानंच सांगतलं. म्हणे, "ताई, लिहणारी जयमाला हाय. तिचं अक्षर चांगलं. बचत गटाचं रजिस्टर तीच लिहते, ग्रामपंचायतीतला अर्ज तीच लिहते. हेबी तिलेच देल्लं."

"अकराही डायऱ्या?" पुष्पा म्हणे.

"हाव. बुधवारी हिच्या ओट्यावर बसत होतो न आमी. आमी सांगत जाऊ, ती लिहत जाये. पण आमचं दोन ओळीत संपे. आंघोळ घातली, बुढा रडला, घरी आली. संस्थेची बाई म्हणे पान भरलं पायजे. मंग जयमाला म्हणे, तुमी भाजी निवडा, मी भरते."

पंखा चालू होता तरी पुष्पाच्या हातातला कागद हालत नव्हता, इतका घट्ट धरेल होता. अकरा बायाइचं मन म्हणून जे आमी घरभर मांडलं होतं, ज्याच्यासाठी मेमधी कूलर बंद ठेवला होता, ते एकाच बाईचं मन होतं. टाइप झाल्यावर अक्षर कुठं दिसते?

अन् एवढ्यावर थांबाचं त नाई. रस्त्यावरून एक बाई तरातरा आली. मोठं कुंकू, हातात काठी नव्हती पण चाल काठीवालीची. माया बाजूनं आत गेली अन् दारातच उभी राहून म्हणे, "कोण म्हणते मी सुनेपासून गूळ लपवते?"

कोणीच तिचं नाव घेतलं नव्हतं. ती रुखमाबाई, जयमालाची सासू. अन् तिच्या मागून, दहा पावलं सोडून, पुंजाजी येत होते. मले पाहून थांबले. मंग माया बाजूले पायरीवर बसले अन् म्हणे, "तुमच्या दुकानात मोटर आणली अन् तिथली गोष्ट घरी सांगतली, तेच चुकलं."

आतून रुखमाबाईचा आवाज येऊन राह्यला होता. म्हणे, "लपवते. हाव, लपवते. ह्या माणसापासून लपवते," अन् तिनं दाराबाहेर बोट दाखवलं. पुंजाजीनं मान दुसरीकडे केली. "शुगर हाय त्याले. डॉक्टर म्हणे एक खडा नाई चालणार. हा माणूस अंधारात उठून डब्यात हात घालते. मी फळीवर ठेवला त फळीवर चढला. कोठीत ठेवला त कोठीत शिरला."

तवा जयमालानं पह्यल्यांदा तोंड उघडलं. हळूच म्हणे, "मंग मले काऊन नाई सांगतलं, आत्याबाई?"

"यानं शपथ घातली होती. म्हणे सुनेपुढं इज्जत जाईन."

"मी त समजली माया हातानं गूळ खर्च होते म्हणून."

"येडी हायस का तू? तुया हातचा चहा सोडून मी कोणाचा पेते?"

बाया हसाले लागल्या, जयमाला रडाले लागली, रुखमाबाई तिच्याजवळ खाली बसली अन् तिलेच रागावाले लागली की अकरा वह्या लिहल्या त एक शब्द मले इचाराचा होता. पुंजाजी मले म्हणे, "गेली का इज्जत?" मी म्हणलं, "पुरी." ते म्हणे, "मंग आता लपून खाल्लं काय अन् दिसून खाल्लं काय," अन् उठून घरी गेले. त्या घराचं भलं झालं. पण माया बहिणीचं काय?

परत येताना रस्त्यात एका हॉटेलवर थांबलो. पुष्पानं चहा तसाच ठेवला. पह्यले ती मले म्हणे, "दादा, तू दुकानात सांगतलं?" मी म्हणलं, सांगतलं, चांगली गोष्ट होती म्हणून सांगतलं, अन् मी नसतं सांगतलं त रुखमाबाई आली असती का? तुले खरं समजलं असतं का? याच्यावर ती रस्त्याकडे पाहाले लागली, म्हणजे पटलं असन.

मंग मी मुद्द्यावर आलो. म्हणलं, "पुष्पा, हे कोणाले सांगाचं काम नाई. कागद अकरा नंबरचेच हायत. मॅडम काई जानेफळले येत नाईत. गूळ काढून टाक, बाकी थकवा, लाज, हे त सगळ्या बायाइनं हाव म्हणलं."

"त्या कशालेबी हाव म्हणतात, दादा. गुळापुरती अडचण आली म्हणून खरं बोलल्या."

"तीन हप्ते राह्यले. नाव कट होईन."

तिनं माया तोंडाकडे पाह्यलं. म्हणे, "तू जळेल मोटरमधी जुनीच तार भरून, वरून रंग मारून गिऱ्हाइकाले देशीन का?"

हे तिनं बोलाले नव्हतं पायजे, कारण मले उत्तर येत होतं. मी तिचाबी चहा पेऊन टाकला अन् गाडीले किक मारली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं अमरावती. ती मॅडमच्या केबिनमधी गेली, मी बाहेर बाकड्यावर. दार बंद, आतून आवाज नाई. आवाज असता त बरं होतं. मंग माया जिवाले राहवलं नाई, मी दार ढकलून आत गेलो.

मॅडमनं वर पाह्यलं. म्हणे, "आपण?"

मी म्हणलं, "मोठा भाऊ. मॅडम, ही पोट्टी गप बसली असती त तुमाले कधीच समजलं नसतं. मीच सांगत होतो गप बस म्हणून, नाई बसली. अशी विद्यार्थिनी तुमाले सगळ्या अमरावतीत भेटणार नाई, नाव कट कराच्या आधी एवढं ध्यानात घ्या."

पुष्पा म्हणे, "दादा, बाहेर जा." पण मॅडम म्हणे, राहू दे. त्याइनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मंग खाल्या आवाजात म्हणे, "खरं सांगू का? मी त्या गुळावर मागच्या महिन्यात पुण्याच्या परिषदेत बोलून आले आहे. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते."

मी म्हणलं, "मीबी दुकानात बोलून बसलो, मॅडम."

"टाळ्या?"

"टाळ्या नाई, पण एकाची साखर निघाली."

पुष्पानं मंग पुंजाजीचं सगळं सांगतलं. मॅडम आधी हसू दाबत होत्या, मंग दाबलं नाई त्याइनं. डोळे पुसून म्हणे, "पुण्याला मी कळवते. चूक माझीही आहे, आधी भेटू नको असं मीच सांगितलं होतं. पण पुष्पांजली, तुझ्या अकरा बायांमधून आता एकच उरली. बाकी दहा जणींना काय वाटतं, हे आपल्याला माहीत नाही. परत जावं लागेल. एकेकीजवळ बसावं लागेल, लिहून नाही, बोलून. मुदतवाढीचा अर्ज मी स्वतः घेऊन जाते. मिळेलच असं सांगत नाही."

ते दिवस आमच्या घरात कसे गेले ते काय सांगू. कूलर चालू होता, फरशी मोकळी होती, अन् कोणाले थंड वाटत नव्हतं. आई म्हणे, एवढ्यापेक्षा चिठ्ठ्या बऱ्या होत्या. शेवटी मॅडमचा फोन आला. सहा महिने भेटले. याच्यानंतर नाई.

आता आमी दर रविवारी जानेफळले जातो. शाळेची एक खोली मागून घेतली हाय. पह्यल्या रविवारी अकराही बाया सोबतच आल्या अन् सोबतच बसल्या. पुष्पा म्हणे, एकेकीनं या. बाया म्हणे, एकटीनं काय बोलाचं, ताई? मोठ्या मुश्किलीनं अर्पिताले आत बसवलं, बाकीच्या बाहेर खिडकीशी. पुष्पानं इचारलं, काम करताना तुमाले काय वाटते? अर्पिता तोंडाची एवढी मोकळी, पण गप. त खिडकीतून बाकीच्या सांगून राह्यल्या, "सांग न व, बुढ्यानं वाटी फेकून मारली ते सांग." "तिले राग आल्ता, ताई, लिहा." पुष्पानं उठून खिडकी लावून घेतली.

मंग अर्पिता लय वेळ आतच राह्यली. बाहेरच्या बाया आधी हसत होत्या, मंग कंटाळल्या, मंग एकमेकीकडे पाहाले लागल्या. अर्पिता बाहेर आली तवा तिनं पदरानं तोंड पुसलं होतं. सगळ्याइनं घेरलं, काय सांगतलं व? ती म्हणे, "काई नाई," अन् चप्पल घालून घरी निघून गेली. ती अशी गप जाताना कोणी पाह्यली नव्हती. तिच्या मागं जिचा नंबर होता, ती न सांगता सोतानं उठून आत गेली अन् दार आतून लावून घेतलं.

जयमाला मागच्या रविवारी आली. दारात म्हणे, "माया मनातलं त तुमी वाचलं हाय ताई, अकरा वेळा." पुष्पा म्हणे, "ते झालं. आता गुळाच्या पुढचं सांगा." अन् ती बाई दुपारपर्यंत आत बसली. रुखमाबाई घरून दोघीचा डबा घेऊन आली अन् मायासोबत पायरीवर बसून राह्यली, आत काय चाललं हे तिनं एकदाबी इचारलं नाई. मीच इचारत होतो.

पुष्पा बाहेर आली की मी दर वेळी इचारतो, काय म्हणली व बाई? ती म्हणते, "ते नाई सांगता येत, दादा." गाडीवर इचारतो, घरी आल्यावर इचारतो. नाई सांगत. कागद कपाटात, कपाटाची चावी तिच्या गळ्यात.

परवा दुकानात वामनराव आले, आणखी दोन गिऱ्हाइक होते. वामनराव म्हणे, "काय गोकुळ, जानेफळच्या बायाइनं आता काय सांगतलं?"

मी म्हणलं, "मले मालूम नाई."

"तुले मालूम नाई?"

"नाई. सख्ख्या मोठ्या भावालेबी सांगत नाई ती. सगळ्या जिल्ह्यात फिरून पाहा वामनराव, इतकं पक्कं काम कोणाच्या बहिणीचं हाय ते मले दाखवा."